'त्यात काय एवढं?' असं वाटतं तिथेच बघा

या वेळची पत्रं बहुतेक सगळी एकाच गोष्टीभोवती फिरतायत, मला नेमकं काय चांगलं जमतं आणि जे जमतं ते नोकरीत वापरायचं कसं. सगळी छापणं शक्य नाही, सहा घेतलीत. काहींना थोडक्यात उत्तर दिलंय, काहींना लांबलचक, कारण काही प्रश्नच तसे होते.

प्रश्न : ताई नमस्कार, मी अकाउंट्सला आहे, अकरा वर्षं झाली. दरवर्षी अप्रेझलच्या फॉर्मवर एक रकाना असतो, 'तुमच्या तीन स्ट्रेंथ्स लिहा', आणि मी दरवर्षी तेच लिहिते, मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर. या वर्षी साहेबांनी फॉर्म परत पाठवला, म्हणाले अहो हे तर सगळेच लिहितात, तुमचं काय ते सांगा. दोन दिवस विचार केला, काही सुचत नाही. काम नीट होतं माझ्याकडून, कुणाची तक्रार नाही, कुणाचा हिशोब जुळत नसला की माझ्याकडेच येतात, पण त्यात काय एवढं, शांतपणे बघितलं की कुणालाही सापडेल. मग लिहू काय?

तुमचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे, परत एकदा वाचा. 'हिशोब जुळत नसला की माझ्याकडेच येतात' असं तुम्ही लिहिलंत आणि लगेच पुढे त्यावर पाणी टाकलंत, 'त्यात काय एवढं'. मी बरीच वर्षं ट्रेनिंगच्या कामात आहे, माणसं आपल्या कामाबद्दल बोलत असतात तेव्हा मी या तीन शब्दांची वाट बघत असते. कारण जिथे आपल्याला 'त्यात काय एवढं' वाटतं आणि समोरच्याला ते वाटत नाही, नेमकं तिथेच काहीतरी असतं. काखेत कळसा म्हणतात ना, तसं.

असं का होतं, तर जे आपल्याला सहज जमतं ते जमण्याआधीचे आपण आपल्याला आठवतच नाही. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन नावाच्या संशोधक विद्यार्थिनीने एक साधा प्रयोग केला होता. एकाने ओळखीच्या गाण्याची चाल टेबलावर बोटाने वाजवायची आणि दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं की निम्मी तरी गाणी ओळखली जातील, प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, त्यामुळे समोरच्याला नुसती टकटक ऐकू येतेय हे त्याच्या लक्षातच येत नाही. तुमचं तेच झालंय. न जुळलेला हिशोब बघताना तुमच्या डोक्यात जे चालतं ते बाकीच्यांच्या डोक्यात चालत नाही, त्यांना नुसते आकडे दिसतात.

माझ्या पहिल्या नोकरीत एक सहकारी होत्या, त्यांची एक गोष्ट सांगते म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. महिनाअखेर होती, ताळा जमत नव्हता, १८० चा फरक येत होता आणि दोघं जण सकाळपासून एकेक एन्ट्री टिक करत बसले होते. या आल्या, आकड्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, नवाने भाग जातोय, म्हणजे कुठेतरी आकडे उलटे पडलेत, दहाच्या आणि शंभराच्या घरात बघा. आणि खरंच ५,६४० चे ५,४६० झाले होते. दोन शेजारचे आकडे अदलाबदल झाले की फरकाला नवाने भाग जातो, हे हिशोबातलं जुनं गणित आहे, माहीत तसं त्या दोघांनाही होतं. पण त्यांना ते त्या क्षणी आठवलं नाही आणि यांना आठवलं, घाम न गाळता. नियम माहीत असणं हे ज्ञान झालं, तो ऐन गोंधळात आपोआप समोर येणं हे वेगळं काहीतरी आहे, आणि मी ज्याला बलस्थान म्हणते ते हेच.

आता तुमच्या बाबतीत मला एक गोष्ट मात्र तपासून हवी आहे. लोक तुमच्याकडे नेमके का येतात? तुम्हाला चूक पटकन दिसते म्हणून? की तासभर कंटाळा न करता एका गोष्टीच्या मागे लागता म्हणून? की चूक सापडल्यावर तुम्ही त्या माणसाला चारचौघांत बोलत नाही म्हणून? वरून एकच काम दिसतं पण आत तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोणती तुमची आहे त्यावर पुढे काय काम मागायचं ते ठरतं. पहिली असेल तर ऑडिटची तयारी तुमच्याकडे यायला हवी, तिसरी असेल तर नवीन लोकांना शिकवायचं काम.

हे घरात बसून आठवून कळत नाही, विचारावं लागतं. मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी यासाठी एक पद्धत तयार केली आहे, आपल्याला ओळखणाऱ्या दहा ते वीस जणांना विचारायचं की मी सगळ्यात चांगली वागले, उपयोगी पडले असा एखादा प्रसंग सांगा. गुण सांगा असं म्हणायचं नाही, प्रसंग सांगा म्हणायचं, हे फार महत्त्वाचं आहे, कारण गुण विचारलेत की परत मेहनती आणि प्रामाणिकच येणार. दहा जण जमत नसतील तर पाच जणांना मेसेज करा, 'माझा तुम्हाला कामात खरंच उपयोग झाला असा एखादा प्रसंग आठवतो का, मी नेमकं काय केलं होतं?' एवढंच. थोडं लाजल्यासारखं होईल, होऊ दे. उत्तरं आली की एकाखाली एक ठेवा आणि सगळ्यांत परत परत काय येतंय ते बघा.

आणि दोन आठवडे स्वतःवरही लक्ष ठेवा. कोणतं काम आलं की तुम्ही बाकीचं बाजूला सारून आधी ते उघडता, कोणत्या कामानंतर दमलात तरी बरं वाटतं. आणि एक खूण लोक सहसा सांगत नाहीत, तुमची चिडचिड कशावर होते ते बघा. 'इतकं साधं कसं दिसत नाही यांना' असं जिथे मनात येतं तिथे बहुतेक वेळा तुमची स्वतःची ताकद असते, त्यांना ते दिसत नाही कारण ते मुळात साधं नाहीच आहे.

फॉर्मवर मग विशेषण लिहू नका, असं काहीतरी लिहा, 'न जुळणारे हिशोब इतर विभागांतून माझ्याकडे येतात, गेल्या वर्षात असे इतके सोडवले, त्यातला अमुक एक असा होता'. साहेब परत पाठवणार नाहीत.

प्रश्न : ऑनलाईन स्ट्रेंथ टेस्ट असतात त्या खऱ्या असतात का? आमच्या कंपनीने सगळ्यांची करून घेतली, मला पाच नावं मिळाली, आठवडाभर सगळे एकमेकांना 'तुझं काय आलं' विचारत होते आणि मग सगळं थंड. माझा रिपोर्ट ड्रॉवरमध्ये पडलाय.

खऱ्या की खोट्या असं एका शब्दात नाही सांगता येणार. तुम्ही पाच नावं म्हणताय म्हणजे बहुतेक गॅलप या अमेरिकन सर्वेक्षण कंपनीची असावी. डोनाल्ड क्लिफ्टन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ती उभी केली, त्यांचा मूळ प्रश्न छान होता की माणसांत काय बिघडलंय हे आपण सारखं शोधतो, काय चांगलं आहे ते का शोधत नाही. त्या टेस्टमध्ये वाक्यांच्या १७७ जोड्या असतात, प्रत्येकीला २० सेकंद, आणि ३४ गुणांमधून तुमचे वरचे पाच निघतात. दुसरी एक आहे, क्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली मांडलेल्या २४ गुणांवर आधारलेली, ती फुकट करता येते, पण ती स्वभावाच्या चांगुलपणाबद्दल जास्त आहे, म्हणजे धैर्य, कृतज्ञता, जिज्ञासा असं.

दोन्हींबद्दल माझं मत चांगलं आहे, पण एक सावधगिरी बाळगा. १९४८ साली बर्ट्रम फोरर या प्राध्यापकांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक टेस्ट घेतली आणि प्रत्येकाला 'तुझा स्वतःचा' म्हणून स्वभावाचा रिपोर्ट दिला. किती बरोबर आहे याला पाचपैकी गुण द्या म्हटलं, तर सरासरी ४.२६ आली. आणि रिपोर्ट सगळ्यांना एकच दिला होता, शब्द न् शब्द तोच, भविष्याच्या पुस्तकातली वाक्यं घेऊन बनवलेला. म्हणजे वाचून 'अगदी मीच' वाटणं हा काही पुरावा नव्हे. रिपोर्टमधल्या प्रत्येक नावाला स्वतःला विचारा, गेल्या महिन्यात हे कुठे दिसलं? प्रसंग आठवला तर ठेवा, नाही आठवला तर सरळ काट मारा.

आणि तो रिपोर्ट थंड का पडला तेही सांगते. सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली एक अभ्यास छापला, त्यात काही लोकांना आपले मुख्य गुण नुसते ओळखायला सांगितले आणि काहींना आठवडाभर रोज त्यातला एक गुण नव्या पद्धतीने वापरायला सांगितलं. नुसतं ओळखणाऱ्यांचा आनंद टिकला नाही, ज्यांनी वापरला त्यांच्यात फरक सहा महिन्यांपर्यंत दिसला. तुमच्या ऑफिसमध्ये पहिलं झालं, दुसरं झालंच नाही. तेव्हा ड्रॉवर उघडा, पाचपैकी एक निवडा आणि उद्याच्या एका ठरलेल्या कामात तो कसा वापरणार ते एका ओळीत लिहा, परवा दुसऱ्या कामात, असे सात दिवस.

प्रश्न : मी टेस्टिंगला आहे, चुका शोधण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, हे मी नाही, बाकीचेच म्हणतात. पण हल्ली टीममधले लोक मला मिटींगला बोलवायचं टाळतात. मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरचं प्रेझेंटेशन होतं, दुसऱ्याच स्लाईडवर बेरीज चुकलेली दिसली, मी सांगितली, मग चौथ्यावर स्पेलिंग, मग तारखेचा घोळ, शेवटी त्याला पुढे बोलताच येईना. चुका त्याच्याच होत्या, माझं काय चुकलं? तुम्ही लोक म्हणता स्ट्रेंथ वापरा, वापरली तर हे असं होतं.

चुका त्याच्याच होत्या, मान्य. पण तुमची वेळ चुकली, आणि मात्राही चुकली.

हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं हो. आपल्याला जे चांगलं जमतं ते आपण सगळीकडे वापरायला लागतो, कारण ते करताना आपल्याला बरं वाटतं, आणि एका टप्प्यानंतर तोच गुण दुसऱ्याला टोचायला लागतो. ठाम माणूस हट्टी वाटायला लागतो, मनमिळाऊ माणसाला नाही म्हणता येत नाही, झटपट निर्णय घेणारा बाकीच्यांना मागे सोडून निघून जातो. रॉबर्ट कॅप्लन आणि रॉबर्ट कायझर या नेतृत्वविषयक सल्लागारांनी मोठ्या पदावरच्या लोकांबद्दल २००९ मध्ये नेमकं हेच लिहिलं होतं, की ताकद कमी वापरली तरी तोटा आणि अति वापरली तरी तोटा. आपल्याकडे तर अति तिथे माती हे कधीपासून म्हणतात.

माझंही सांगते. मला समजावून सांगायला येतं, ही माझी ताकद आहे, पण सुरुवातीच्या ट्रेनिंगमध्ये मी प्रश्न विचारायचे आणि दोन सेकंदांत उत्तरही मीच द्यायचे. एका ज्येष्ठ बाईंनी मागे बसून सगळं बघितलं आणि नंतर बाजूला घेऊन म्हणाल्या, तुम्ही त्यांना विचार करायला जागाच ठेवत नाही. मला फार लागलं होतं ते. त्या दिवसापासून प्रश्न विचारला की मी मनात दहापर्यंत मोजते, अजूनही मोजते, आणि सातव्या आठव्या आकड्याला कुणीतरी बोलतं. समजावणं सोडलं नाही मी, फक्त ते कधी सुरू करायचं ते बदललं.

तुम्हीही डोळा बंद करू नका, कृपा करून 'आता मी बोलणारच नाही' असं ठरवू नका, टीमला त्या डोळ्याची गरज आहे. असं करून बघा, मिटींगमध्ये दिसलेली प्रत्येक चूक कागदावर उतरवा आणि पुढे खूण करा, ही चूक राहिली तर आज इथे होणारा निर्णय चुकेल का? बेरीज चुकलीय आणि त्या बेरजेवर निर्णय होणार आहे, तर बोला, तेही 'हा आकडा एकदा बघून घेऊ का' असं. स्पेलिंगने काहीही बिघडत नाही, ते नंतर त्याच्या डेस्कवर जाऊन द्या. तारखेचं तुम्हीच ठरवा, तारीख डेडलाईनची असेल तर आत्ता, नसेल तर नंतर.

आणि त्याहून चांगलं म्हणजे तुमचा डोळा मिटींगच्या आदल्या दिवशी आणा. त्या मुलाला जाऊन सांगा, पुढच्या वेळी आदल्या दिवशी मला पाठव, अर्ध्या तासात बघून देतो. चुका त्याच, शोधणारे तुम्हीच, पण आदल्या दिवशी ती मदत असते आणि सगळ्यांसमोर तो पंचनामा होतो. त्याच्याशी मागच्या आठवड्याबद्दल एकदा बोलूनही घ्या. माफी मागायची की नाही ते तुम्ही बघा, मला वाटतं मागावी.

प्रश्न : मी माणसांत रमणारी बाई आहे. आधी कस्टमर डेस्कला होते, आता विभाग बदलून डेटा एन्ट्रीला बसवलंय, दिवसभर स्क्रीन आणि फॉर्म. घरच्या जबाबदाऱ्या आहेत, नोकरी सोडायचा प्रश्नच नाही. 'आपल्या स्ट्रेंथप्रमाणे काम निवडा' हे वाचलं की राग येतो ताई, निवडायला मिळतं कुणाला?

राग बरोबर आहे तुमचा. हा सल्ला देणारे बहुतेक वेळा निवड करता येणाऱ्यांतले असतात.

पण सगळं काम बदलता येत नसलं तरी कामाची किनार बदलता येते. एमी रेझनेव्स्की आणि जेन डटन या दोघी संशोधकांनी हॉस्पिटलमध्ये सफाई करणाऱ्यांशी बोलून हे बघितलं होतं, २००१ मध्ये त्यांनी ते मांडलं. पद तेच, काम तेच, पण काही जण म्हणायचे आम्ही साफसफाई करतो, बस, आणि काही जण पेशंटशी बोलायचे, घाबरलेल्या नातेवाइकांना वाट दाखवायचे. एक जण तर बेशुद्ध पेशंटच्या खोल्यांतली भिंतीवरची चित्रं अधूनमधून अदलाबदल करायची, काय सांगावं त्यांना काही जाणवत असेल म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं यातलं काहीही. त्यांनी आपल्या स्वभावातलं जे होतं ते कामात थोडं थोडं मिसळलं.

तुमच्या डेटा एन्ट्रीत माणूस कुठे येतो ते शोधा. येतोच कुठेतरी. माझा अंदाज, अर्धवट भरलेले फॉर्म परत पाठवले जात असतील, मेल जातो, उत्तर येत नाही, आठवडा जातो, परत मेल. तिथे तुम्ही फोन केलात तर? दोन मिनिटांत माहिती मिळेल आणि समोरच्याला बरंही वाटेल. साहेबांकडे जाताना मात्र 'मला हे काम आवडत नाही' असं जाऊ नका. असं म्हणा, 'सर, अपुरे फॉर्म अडकून पडतात, महिनाभर मी रोज एक तास फोन करून बघते, किती सुटतात ते मोजून तुम्हाला दाखवते.' महिना, तास आणि मोजणी, या तीन गोष्टी असल्या की साहेबांना हो म्हणायला सोपं जातं, कारण नाही जमलं तर मागे येता येतं.

एक सांगायचं राहिलं, आणि हे मी सगळ्यांनाच सांगतेय, विशेषतः बायकांना. फोनचा तास मिळाला तर एन्ट्रीचं टार्गेट त्या तासाएवढं कमी करून घ्या, तोंडी नको, मेलवर. 'तू छान बोलतेस म्हणून तूच कर' असं म्हणत म्हणत निरोप समारंभ, मिटींगची मिनिट्स, नाराज लोकांना समजावणं हे सगळं एकाच बाईच्या गळ्यात पडलेलं मी अनेकदा बघितलंय, आणि प्रमोशनच्या वेळी त्यातलं काहीच मोजलं जात नाही. लिंडा बॅबकॉक, लीझ व्हेस्टरलुंड या अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलंय की अशी श्रेय न मिळणारी कामं बायकांना जास्त वेळा सांगितली जातात आणि त्या जास्त वेळा हो म्हणतात. तेव्हा तुमची ताकद जिथे मोजली जाईल तिथे वापरा.

प्रश्न : माझ्या हाताखाली आठ जण आहेत. लोकांच्या कमतरता सुधारायच्या की ताकद वाढवायची? दोन्हीला वेळ नाही.

ज्या कमतरतेमुळे दुसऱ्याचं काम अडतं किंवा कुणाला धोका होतो, ती सुधारायलाच हवी, पण काम चालेल एवढीच. रिपोर्ट उशिरा देणाऱ्याला वेळेवर द्यायला शिकवा, त्याला रिपोर्टचा बादशहा करायच्या मागे लागू नका. उरलेला सगळा वेळ ज्याला जे जमतं त्यावर घाला, आणि शक्य तिथे जोड्या लावा, एकाला सुरुवात करायला आवडते पण शेवटापर्यंत नेता येत नाही, दुसऱ्याचं बरोबर उलटं, यांना एकत्र बसवा आणि श्रेय दोघांना द्या.

आठ जणांचं काय काय चांगलं ते कळायला वेगळा वेळ लागत नाही. आठवड्यात एकाला एकच वाक्य, पण नेमकं. 'गुड जॉब' नको, 'काल क्लायंट चिडला होता तेव्हा तू आधी त्याचं सगळं ऐकून घेतलंस आणि मगच बोललास, त्यामुळे तो शांत झाला', असं. ज्याला हे सांगाल तो पुढच्या वेळी ते मुद्दाम करेल, आजपर्यंत त्याला माहीतच नसेल की आपण तसं करतो.

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांचा आहे, पहिली नोकरी, आठ महिने झालेत. माझ्यासोबत लागलेले सगळे कशात ना कशात भारी आहेत, एक जण कोडिंगमध्ये, एक जण बोलण्यात, एकीला सगळे सिनिअर ओळखतात. मी सगळ्यातच मधला. शाळेत पण मधलाच होतो. मला वाटतं माझ्यात उपजत असं काही नाहीच, काही लोकांत नसतंच बहुतेक. रात्री हेच डोक्यात फिरतं, झोप लागत नाही. ता. क. पत्र लांबलं, सॉरी. आज नवीन आलेल्या मुलीला सिस्टीम दाखवत होतो, त्यात माझा ब्रेक कधी होऊन गेला कळलंच नाही, म्हणून आता रात्री बसून लिहितोय.

तुला तू म्हणते, चालेल ना? तुझं पत्र वाचून फार जवळचं वाटलं.

आधी झोपेचं. एखाद दोन रात्री असं होतं सगळ्यांचं, पण दोन तीन आठवडे हेच चालू असेल तर डॉक्टरांना दाखव, त्यात कमीपणा काही नाही. झोप नसलेल्या माणसाला स्वतःत चांगलं काही दिसतच नाही, त्यामुळे रात्री अडीच वाजता स्वतःबद्दल काढलेला कुठलाही निष्कर्ष सकाळी धरू नकोस.

आता 'उपजत' या शब्दाचं. या शब्दाने खूप जणांचं नुकसान केलंय असं मला मनापासून वाटतं. लोकांना वाटतं उपजत म्हणजे पहिल्या दिवसापासून भारी. तसं नसतं रे. उपजत असतो तो ओढा, एखाद्या गोष्टीकडे परत परत वळणं, आणि त्यावर वर्षानुवर्षं हात बसला की मग लोकांना ती ताकद म्हणून दिसते. तुझा तो कोडिंगवाला मित्र बहुतेक शाळेत असल्यापासून करत असेल, विचार त्याला. तू त्याची दहा वर्षं आणि तुझे आठ महिने शेजारी ठेवून मोजतोयस.

आणि तू ज्या गोष्टी मोजतोयस त्या सगळ्या लांबून दिसणाऱ्या आहेत, कोडिंग, बोलणं, ओळखी. जे चटकन दिसत नाही असंही खूप काही असतं, कुणाला कुठे अडलंय हे कळणं, दिलेलं काम न विसरणं, भांडणात दोन्ही बाजू ऐकून घेणं. याला ऑफिसात टाळ्या मिळत नाहीत पण असा माणूस सुट्टीवर गेला की सगळ्यांना कळतं.

एक पद्धत सांगते, पीटर ड्रकर या व्यवस्थापन तज्ज्ञांनी १९९९ च्या एका लेखात सांगितलेली, ते स्वतः ती अनेक वर्षं वापरायचे. एखादं महत्त्वाचं काम किंवा निर्णय घेताना, यातून काय होईल असं मला वाटतं ते लिहून ठेवायचं, आणि नऊ ते बारा महिन्यांनी उघडून बघायचं की प्रत्यक्षात काय झालं. जिथे आपल्या अपेक्षेपेक्षा बरं झालं तिथे काहीतरी आहे, जिथे सारखं कमी पडतं तिथे नाही. एवढा वेळ थांबायचा धीर नसेल तर सुरुवातीला तीन महिन्यांचं कर. एक वही घे, डावीकडे तारीख, काम आणि 'मला वाटतं असं होईल', उजवी बाजू कोरी ठेव. या वहीत दुसऱ्या कुणाचं नाव लिहायचं नाही, एवढा नियम पाळ.

आता तुझ्या ता. क. बद्दल. तू सॉरी म्हणत म्हणत जे लिहिलंस ना, तेच मी सगळ्यात आधी वाचलं आणि परत वाचलं. दिवसभर काम करून, स्वतःबद्दल इतकं वाईट वाटत असताना, एका नवीन मुलीला सिस्टीम शिकवताना तुला वेळेचं भान राहिलं नाही. बाकी कोणत्या कामात तुझं असं होतं? कोडिंग करताना ब्रेक चुकतो का तुझा? मला घाईने काही नाव द्यायचं नाहीये याला, एका दिवसावरून देऊही नये. पण वहीची पहिली ओळ ही असू दे, आजची तारीख घालून. आणि मला परत लिही, तिला नेमकं काय समजत नव्हतं, तुला ते कशावरून कळलं, आणि मग तू काय केलंस, सगळं सविस्तर. लांबलं तरी चालेल.